"विल गो" की "ॲम गोइंग"? तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, उद्या पुण्याला जायचंय, तर 'विल गो' म्हणू की 'ॲम गोइंग'?" सांगलीत क्लासच्या पायरीवर, मंडईत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच प्रश्न. उत्तर एका शब्दात हवं असतं. तसं ते नाही हो.

तिकीट काढलंय, पुण्यात कळवलंय? मग "आय ॲम गोइंग टु पुणे टुमॉरो". जायचं नुसतं मनात धरलंय? "आय ॲम गोइंग टु गो". आत्ता कुणीतरी जायला हवं म्हटल्यावर "बरं, मीच जातो" म्हणालात? "आय'ल गो". मराठीत इथं "जातो" येतं, म्हणून पोरं "आय गो" लिहून मोकळी होतात. साधा वर्तमानकाळ भविष्यासाठी लागतो तो मुख्यतः वेळापत्रकाला: "द बस लीव्ज ॲट सिक्स".

कृष्णाकाठच्या माणसाला हे पुरावरून लवकर समजावं. धरणातून उद्या पाणी सोडायचं ठरलंय: "दे आर रिलीझिंग वॉटर टुमॉरो". ठरवणारं माणूस आहे, चाललं. पण "द रिव्हर इज रायझिंग टुमॉरो" चालत नाही. नदी कुणाशी ठरवून चढत नाही. आयर्विन पुलापाशी पाणी 39 फुटांवर आलंय आणि चढतंच आहे, तर "इट इज गोइंग टु क्रॉस 40 फीट". पुरावा डोळ्यांसमोर आहे.

इतकं स्वच्छ असताना मी चिडतो का, तर एका वहीमुळे. वाक्य होतं: "माय सिस्टर विल गेट मॅरीड इन मे." मी "विल गेट"वर लाल रेघ ओढून वर "इज गेटिंग" लिहिलं. कार्यालय ठरलेलं, पत्रिका छापायला गेलेल्या. व्यवस्था झाली की हेच रूप. मुलगी म्हणाली, "सर, मला 'होईल' म्हणायचं होतं. झालं तर." आपल्या "होईल"मधली धाकधूक तिनं "विल"वर घातली होती. "येईन की" म्हणणारा येतोच असं नाही, हे आपल्याला न सांगता कळतं. इंग्रजी "विल" एकटा ती शंका पेलत नाही. सोबत "प्रॉबेब्ली" लागतं, नाहीतर सरळ "माइट". हे तेव्हा सांगायचं सोडून मी पुढची वही ओढली.

लग्न मोडलं. नंतरच्या निबंधात तिनं लिहिलं, "शी वॉज गेटिंग मॅरीड इन मे." बिनचूक. ठरलं होतं एवढंच ते वाक्य सांगतं, झालं की नाही ते सांगत नाही.

नियम माझा बरोबरच होता, आजही तोच शिकवतो. पण "विल" चूक होता का? नव्हता. बेत म्हणून कच्चा, भाकीत म्हणून धडधडीत बरोबर. सभेच्या नोटिशीत तर पक्क्या ठरलेल्या गोष्टीलाही "विल बी हेल्ड"च असतं, आणि तिथं मी कधी रेघ ओढली नाही.

हल्ली तसं वाक्य आलं की आधी विचारतो, "पत्रिका छापल्या का?" "हो" म्हणाली पोरगी, तरी लाल पेन जरा थांबतं.