फिलाडेल्फिया स्ट्रीटवरची शोकेस

पिट्सबर्गला भाच्याकडे मुक्कामाला असताना नोव्हेंबरच्या अखेरीस मी त्याच्याकडे एक पूर्ण दिवस मागून घेतला आणि तो दिवस मला इंडियानासाठी हवा आहे असे सांगितले. हे इंडियाना म्हणजे त्या नावाचे राज्य नव्हे. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात इंडियाना नावाची काऊंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे आणि तिचे मुख्य गावही त्याच नावाचे आहे. हॉलिवूडचा नट जेम्स स्ट्युअर्ट, ज्याला सारे जग जिमी म्हणून ओळखते, तो २० मे १९०८ रोजी या गावात जन्मला. कॉलेजात असताना पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत मी पहिल्यांदा त्याचा चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून, म्हणजे गेली चाळीस वर्षे, हा उंच, किरकोळ अंगाचा, शब्द शोधत अडखळत बोलणारा नट मला घरच्या माणसासारखा वाटत आला आहे. त्याचे कारण मला बऱ्याच उशिरा उमगले. तो हार्डवेअरच्या दुकानदाराचा मुलगा होता आणि मीही त्याच धंद्यातल्या घरची मुलगी आहे.

पिट्सबर्गहून बावीस क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेला ब्लेअर्सव्हिलपर्यंत जायचे आणि तिथून उत्तरेला वळायचे, असा सव्वा तासाचा रस्ता आहे. एके काळी हा सगळा मुलूख कोळशाच्या खाणींवर जगत असे. इंडियाना काऊंटीतल्या टेकड्यांवर मात्र नाताळच्या झाडांची शेतेच्या शेते आहेत आणि हे गाव स्वतःला जगाची ‘ख्रिसमस ट्री राजधानी’ म्हणवून घेते. आम्ही गेलो त्या दिवशी समोरून येणाऱ्या दर चार-पाच गाड्यांपैकी एकीच्या टपावर दोरीने आवळून बांधलेले हिरवे झाड होते.

फिलाडेल्फिया स्ट्रीट हा गावाचा मुख्य रस्ता. ज्यासाठी मी आले होते ते ‘जे. एम. स्ट्युअर्ट आणि कंपनी’ हे दुकान आता तिथे नाही. त्या जागी बँकेची इमारत उभी आहे. संग्रहालयाकडे जाण्याआधी मी भाच्याला तिथे थांबवले आणि पदपथावर उभी राहून रस्त्याच्या त्या बाजूकडे बराच वेळ पाहत राहिले. आमचे मिरजेचे दुकान बंद होऊन आता अकरा वर्षे झाली आहेत. खिळे, मोळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, पत्रा, तार आणि या सगळ्यावर तेलाचा व गंजाचा मिळून येणारा वास, हे ज्याच्या लहानपणाचा भाग आहे त्याला दुसऱ्या देशातल्या अशा दुकानाची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

जिमीच्या आजोबांच्या नावाचे हे दुकान पुढे त्याच्या वडिलांनी, अलेक्झांडर स्ट्युअर्ट यांनी, चालवले. हाती पैसे नसलेल्या एका गिऱ्हाइकाने उधारीपोटी त्यांना एक अकॉर्डियन आणून दिले. त्यांनी ते घरी नेले आणि लहानगा जिमी गावातल्या एका न्हाव्याकडून ते वाजवायला शिकला. पुढे रंगमंचावर पाऊल ठेवायला त्याला या वाद्याचाच आधार झाला. ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकले होते, कारण आमच्या वडिलांनीही मिरजेतल्या एका सतारमेकराकडून थकलेल्या उधारीच्या बदल्यात एक तानपुरा घेतला होता. आमच्या घरात तो वाजवायला कोणी शिकले नाही, पण वडिलांनी तो कधी विकलाही नाही.

दुकानाच्या शोकेसची एक गोष्ट मला सर्वांत अधिक आवडते. १९२७ साली जिमी आजारपणामुळे शाळेतून घरी आलेला होता. त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, २० मे रोजी, चार्ल्स लिंडबर्गने न्यूयॉर्कहून पॅरिसच्या दिशेने एकट्याने उड्डाण केले. विमानांच्या वेडाने झपाटलेल्या या मुलाने वडिलांच्या दुकानाच्या काचेमागे नकाशा आणि विमानाची प्रतिकृती मांडली आणि बातमी येईल तसतसे ते विमान तो अटलांटिकवरून पुढे सरकवत राहिला. तीस वर्षांनी, १९५७ साली, त्याने पडद्यावर लिंडबर्गचीच भूमिका केली. उड्डाणाच्या वेळी लिंडबर्ग पंचवीस वर्षांचा होता, तर चित्रीकरणाच्या वेळी स्ट्युअर्टचे वय सत्तेचाळीसच्या पुढे गेले होते, आणि हे अंतर पडद्यावर जाणवते हे मला मान्य आहे. तरीही त्या चित्रपटात कॉकपिटमध्ये एकटा बसलेला तो मनुष्य पाहताना मला काचेमागचे ते छोटे विमान आठवते आणि वयाचा हिशेब मी विसरते.

मुलाने दुकानाचा गल्ला सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा मात्र प्रिन्स्टनला जाऊन वास्तुशास्त्र शिकला, १९३२ साली पदवीधर झाला आणि महामंदीच्या त्या काळात नाटकमंडळीत सामील झाला. तिथे त्याला पुढे नामवंत नट झालेला हेन्री फोंडा भेटला. न्यूयॉर्कमध्ये दोघे एका खोलीत राहिले आणि पुढे राजकारणावरून त्यांचे टोकाचे मतभेद झाले तरी त्यांची मैत्री आयुष्यभर टिकली. १९३५ साली स्ट्युअर्ट एमजीएम या चित्रपट कंपनीकडे करारबद्ध झाला. १९३९ च्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ने त्याला मोठे केले. सेनेटच्या सभागृहात बोलून बोलून घसा बसलेला तो तरुण पाहताना, सचोटी या गोष्टीला अंगमेहनत लागते हे डोळ्यांना दिसते.

पुढच्याच वर्षीच्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी त्याला ऑस्कर मिळाले. त्या वर्षी फोंडालाही नामांकन होते आणि स्ट्युअर्टने स्वतःचे मत फोंडाला दिले होते. बक्षिसाची बातमी कळताच वडिलांनी फोन करून ती वस्तू घरी पाठवून द्यायला सांगितले, म्हणजे दुकानाच्या शोकेसमध्ये मांडता येईल. त्याने ती खरोखर पाठवली. हॉलिवूडचा सर्वोच्च सन्मान या फिलाडेल्फिया स्ट्रीटवर, हार्डवेअरच्या मालाच्या शेजारी, काचेमागे अनेक वर्षे उभा होता. वडिलांच्या या मागणीकडे कौतुकाने हसून पाहणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे, पण मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. दुकानदार आपल्याकडचा सर्वांत चांगला माल शोकेसमध्येच मांडतो.

तिथून थोडे पुढे काऊंटी न्यायालयासमोर स्ट्युअर्टचा ब्राँझचा पुतळा आहे. १९८३ साली त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी गावाने मोठा समारंभ केला तेव्हा तो सहकुटुंब हजर होता. शेजारच्या ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. ते १९९५ च्या २० मे रोजी उघडले. संग्रहालय लहान आहे आणि मला ते तसेच आवडले. पन्नासेक खुर्च्यांचे, १९३० च्या दशकातल्या धाटणीचे एक चित्रपटगृह, भित्तिपत्रके, घराण्याच्या वस्तू, दुकानाच्या आठवणी आणि युद्धकाळासाठी राखलेले एक दालन. मी सर्वाधिक वेळ या शेवटच्या दालनात घालवला.

ऑस्कर मिळाल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, २२ मार्च १९४१ रोजी, तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. ज्यामुळे अमेरिका युद्धात उतरली तो पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला व्हायला तेव्हा आठ महिन्यांहून अधिक अवधी होता. उंचीच्या मानाने वजन कमी भरल्यामुळे आधी त्याला नाकारले गेले होते. मग त्याने खाऊन वजन वाढवले आणि पुन्हा जाऊन उभा राहिला. त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना होता, पण नामवंत नटाला प्रत्यक्ष लढाईवर पाठवायला वरिष्ठ राजी नव्हते आणि त्याने मात्र तोच आग्रह धरला. १९४३ च्या शेवटी बी-२४ बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचा प्रमुख म्हणून तो इंग्लंडमधल्या टिबेनहॅमच्या तळावर पोहोचला. निघताना वडिलांनी त्याच्या हाती एक पत्र आणि बायबलमधले एक्क्याण्णवावे स्तोत्र दिले. समोरासमोर बोलायचे त्यांना जमले नव्हते.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याच्या दलाची पंचवीस विमाने जर्मनीतल्या गोथा शहरावर गेली आणि त्यांतली तेरा परत आली नाहीत. त्या दिवशी तो त्यांच्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी फ्युर्थ या जर्मन शहरावरच्या हल्ल्यात मात्र तो होता, आणि विमानवेधी तोफेच्या गोळ्याने त्याच्या पायांजवळच विमानाला भगदाड पाडले. त्याने एकूण वीस मोहिमा केल्या, चार वर्षांत शिपायाचा कर्नल झाला आणि पुढे १९५९ साली राखीव हवाईदलात ब्रिगेडियर जनरल झाला. युद्धातली आपली कामगिरी चित्रपटांच्या जाहिरातीत वापरायची नाही, अशी अट त्याने घातली होती. हे दालन पाहताना तिथे मांडलेल्या पदकांपेक्षा या अटीचाच विचार माझ्या मनात अधिक होता.

युद्धाहून परतल्यावर त्याने केलेला पहिला चित्रपट म्हणजे दिग्दर्शक फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. लोक आज त्याला नाताळचा गोड चित्रपट समजतात. १९४६ साली तो आला तेव्हा त्याने खर्चही भरून काढला नाही. १९७४ साली त्याचे स्वामित्वहक्क नूतनीकरणाअभावी संपले, दूरचित्रवाणी केंद्रे तो दरवर्षी फुकट दाखवू लागली आणि मग तो घराघरांत पोहोचला. पण तो गोड नाही, असे माझे ठाम मत आहे. जॉर्ज बेली या तरुणाला गाव सोडून जग पाहायचे असते, पूल आणि इमारती बांधायच्या असतात. वडील जातात, त्यांची छोटी पतसंस्था त्याच्या गळ्यात पडते, धाकटा भाऊ शिकायला बाहेर पडतो आणि हा तिथेच राहतो. गुत्त्यात बसून जॉर्ज देवाकडे वाट विचारतो त्या दृश्यात स्ट्युअर्टला खरोखरच रडू कोसळले. काप्राने त्याचा चेहरा दूरवरून टिपला होता. ते अश्रू पुन्हा मागता येणार नाहीत हे जाणून त्याने प्रयोगशाळेत तीच चौकट मोठी करून घेतली. वीस मोहिमा करून आलेल्या माणसाचे ते अश्रू आहेत, आणि माझ्या दृष्टीने ते वडिलांच्या दुकानात परत न गेलेल्या मुलाचेही आहेत. स्वतः ज्या आयुष्यातून तो निसटला, तेच आयुष्य जगलेल्या माणसाची भूमिका त्याने केली.

मला हे बोलण्याचा थोडा अधिकार आहे. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा वडिलांची प्रकृती ढासळली होती, आणि दादाने इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष अर्धवट सोडून दुकानाची खतावणी हातात घेतली. गाडी चालवणारा हा भाचा त्याचाच मुलगा. त्या छोट्या चित्रपटगृहाच्या रिकाम्या खुर्च्यांत आम्ही दोघे काही वेळ बसलो आणि मी त्याला जॉर्ज बेलीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “आत्या, बाबांनी पाहिलाय का हा?” पाहिला नव्हता.

युद्धोत्तर स्ट्युअर्ट मला पूर्वीच्या स्ट्युअर्टपेक्षा मोठा नट वाटतो. दिग्दर्शक अँथनी मानच्या पाच वेस्टर्न चित्रपटांत त्याने सूडाने पेटलेली, हात थरथरणारी माणसे उभी केली. त्यांतल्या ‘विंचेस्टर ७३’साठी नेहमीचे मानधन न घेता त्याने नफ्यात वाटा घेतला आणि त्यानंतर हॉलिवूडमधल्या व्यवहाराची रीतच बदलू लागली. दिग्दर्शक हिचकॉकबरोबर त्याने चार चित्रपट केले. त्यांतला ‘व्हर्टिगो’ १९५८ साली फारसा कोणाला रुचला नव्हता. २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षकांनी त्याला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरवले. एका स्त्रीला मृत स्त्रीचे रूप देण्यासाठी तिचे कपडे आणि केस बदलायला लावणारा तो नायक विलक्षण क्रूर आहे, आणि ओळखीच्या, विश्वासाच्या या चेहऱ्यावर ती क्रूरता दिसते तेव्हा अंगावर काटा येतो.

संग्रहालयात त्याच्या बेव्हर्ली हिल्समधल्या घराचा दरवाजा ठेवला आहे. त्याच्या मृत्यूनंतर ते घर पाडण्यात आले. ग्लोरियाशी त्याने १९४९ साली, एक्केचाळीसाव्या वर्षी, लग्न केले होते. तिच्या दोन मुलांना त्याने आपले मानले. त्यांतला रोनाल्ड १९६९ साली व्हिएतनाममध्ये मारला गेला. १९९४ साली ग्लोरिया गेली आणि त्यानंतर स्ट्युअर्ट घराबाहेर फारसा पडलाच नाही. २ जुलै १९९७ रोजी तो गेला. त्या दारासमोर मी बोलले नाही, भाचाही बोलला नाही.

बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता आणि फिलाडेल्फिया स्ट्रीटवर नाताळचे दिवे लागले होते. भाच्याने बँकेच्या इमारतीचा फोटो काढून दादाला पाठवला आणि त्याखाली दुकानाची, ऑस्करची आणि उधारीत आलेल्या अकॉर्डियनची हकिकत लिहिली. आम्ही पिट्सबर्गजवळ पोहोचलो तेव्हा मिरजेत सकाळचे सहा वाजून गेले असतील. दादाचे उत्तर आले होते. त्यात शब्द नव्हते, एक फोटो होता. माळ्यावरून खाली काढलेला, गवसणी बाजूला केलेला आमचा तानपुरा भिंतीला टेकवून उभा होता आणि त्याच्या चारही तारा अजून जागच्या जागी होत्या.