पळू न शकणाऱ्या कोंबडीला सोबत शोधताना

‘रात्री अंधारात नवी कोंबडी खुराड्यात सोडा, सकाळी आपोआप जमतं.’ विक्रेत्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मला हेच सांगितलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. धडधाकट कोंबड्यांत हे चालून जातं. दोन-चार टोचा बसतात, हरलेली पळ काढते आणि मान कुणाचा ते ठरतं. भांडण मिटतं ते हरणारी लांब जाते म्हणून. आमच्या शेवंतीच्या डाव्या पायाची शीर सांध्यावरून सरकलेली आहे, ती बसल्याबसल्याच पुढे सरकते. अशी कोंबडी हरली तरी समोरच राहते आणि दुसरी टोचतच राहते. तुऱ्यातून रक्त आलं की बाकीच्याही तिथेच चोच मारतात.

म्हणून आधी सोबतीणीची निवड. कोंबडा बिलकूल नको. बसलेली मादी त्याला मिलनाला तयार वाटते, आणि तिला पाय रोवता येत नसल्याने पाठ सोलवटते. जातींपैकी असील भांडखोर, पांढऱ्या लेगहॉर्न बुजऱ्या. सिल्की स्वभावाने गरीब, पण तिच्या पिसांवरून पाणी निथळत नाही, मुंबईच्या पावसाळ्यात ती आतच ठेवावी लागते. मी दहा-बारा आठवड्यांच्या गिरिराज जातीच्या दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घेतल्या. या वयात त्या मोठ्या कोंबडीला दबून असतात. दोनच घ्या, म्हणजे नवखेपणाची सगळी धास्ती एकट्या शेवंतीवर निघत नाही.

विकणारे वजन विचारतात, स्वभाव कुणी सांगत नाही. तो आपणच पाहायचा. दाणे टाकून वीस मिनिटं उभं राहा. दुसरीला हुसकावणारी नको. आणि पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेलीला ‘शांत’ समजू नका, ती आजारी असते. शेपटाखाली शीट चिकटलेली आहे का, नाकातून पाणी येतं का, पंखांखाली उवा आहेत का, हे हातात घेऊन बघा.

त्याही आधी पाय कशामुळे गेला ते पशुवैद्याकडून समजून घ्या. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात पक्षीही पाहतात. एक पाय पुढे, एक मागे असा पडला असेल तर मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची शंका येते. मग जन्मल्याच्या पहिल्याच दिवशी मॅरेक्सची लस दिलेल्याच तलंगा आणाव्यात, आणि गावठीत ती सहसा दिलेली नसते. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का, तेही विचारा.

तीस दिवस नव्या कोंबड्या वेगळ्या, शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर. आधी जुनीचं दाणापाणी, मग नव्यांचं; हात धुवायचे, चपला बदलायच्या. हे दिवस सरळ गेले.

मग नव्या कोंबड्या जुनीच्या शेजारी, मध्ये जाळी लावून ठेवायच्या. खरा कस या जाळीपाशी लागतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. मोठ्या भोकातून चोच आरपार जाते, आणि साधी पातळ जाळी घुशी कुरतडतात. जाळीच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींसमोर, खाण्याची भांडी ठेवा. शेजारी बसून खाल्लं की ओळख होते. बसलेल्या कोंबडीचं भांडं तिच्या छातीच्या उंचीचं हवं, नाहीतर मान खाली घालून ती अर्धवटच खाते. आमच्याकडे चौथ्या दिवशी शेवंती आणि तलंगा दोन्ही बाजूंनी जाळीला चिकटून निवांत बसल्या होत्या. सगळे म्हणाले, काढा आता जाळी. काढली नाही, कारण त्याच दुपारी एक तलंग मान ताणून, गळ्याची पिसं फुलवून शेवंतीच्या तुऱ्याकडे रोखून बघत होती. सलग पाच दिवस असं काही दिसलं नाही तेव्हाच जाळी उघडली, तो अठरावा दिवस होता. घाई करणाऱ्यांना हाच आकडा सांगते.

पहिली भेट वीस मिनिटांची, दोन्ही बाजूंच्या नेहमीच्या जागेबाहेर, पोटं भरलेली असताना. शेवंतीला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून बसवलं आणि वर तिरकी फळी लावली. टोच डोक्यावर आणि पाठीवर बसते, म्हणून वरून आडोसा. एखादी टोच चालते. त्याच जागी तिसरी बसली की उचलून जाळीमागे. रक्त आलं तर जखम पूर्ण भरेपर्यंत भेट बंद.

तिघींना ग्रोअर खाद्यच (वाढत्या कोंबड्यांचं) द्या. अंडी देणाऱ्यांच्या लेयर खाद्यातलं कॅल्शियम तलंगांना जास्त होतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला की अंडी देणारी हवा तेवढा टिपते. पाच-सहा महिन्यांच्या झाल्या, अंड्यावर आल्या, की वरचा मान कुणाचा हे तलंगा पुन्हा ठरवू बघतात. त्या पंधरवड्यात जाळी हाताशी असू द्या.

एक सांगायचं राहिलं. उंच दांडी काढून टाका. कोंबड्या रात्री वर चढतात, खाली बसणारी एकटी पडते आणि वरची शीट तिच्या अंगावर. चार इंच उंचीची रुंद फळी लावली, खाली भाताचं तूस. आता दिवेलागणीला एक तलंग फळीवर न चढता शेवंतीच्या पंखाला अंग टेकून बसते.