ओल्या फडक्याचा गुण

फियाट घाटात बंद पडते, याला मी कधी बिघाड धरलंच नव्हतं. एप्रिलचं ऊन, चढ, दुसरा गिअर, पुढे उसाचा ट्रक. इंजिन तापतं, त्याला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला पुढे ढकलता येत नाही. गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, पंपावर ओला फडका टाकायचा, एक चहा प्यायचा, सेल्फ मारायचा. गाडी चालू. हडपसरच्या गॅरेजात बसून हा सल्ला मी पंचवीस-तीस वर्षं फुकट वाटत आलो. अँबॅसिडरवाल्या एका डॉक्टरसाहेबांना तर मी डिकीत फडका आणि पाण्याची बाटली कायमची ठेवायला लावली होती. गुण यायचा त्यांना.

मॅडमची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, १९८५ची, वडिलांनी घेतलेली. हँडगिअर, पुढे सलग सीट, रंग मूळचा पांढरा. मॅडम सासवडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि रोज हडपसरहून दिवे घाट चढून ह्याच गाडीने जातात. लोक हौसेने रविवारी काढतात, पुसून परत ठेवतात, तसला प्रकार नाही. पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, असं मी एकदा त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनी नियम मलाच ऐकवला. व्हिंटेज म्हणून नोंदली की रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. "मग मी कॉलेजला कशाने जाऊ, मिस्त्री?" त्यापेक्षा दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंगला उभं राहणं त्यांना परवडतं.

दिवाळीत मी गाडीची सर्व्हिसिंग केली. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, रोटर, ठिणगीचं हे सामान सगळं नवं टाकलं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत फोन आला, दिवे घाटात बंद पडली म्हणून. मी सवयीने फडका सांगितला. फडका टाकला, चालू झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आता माझी बाजूही ऐका. पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांवर गेल्यापासून जुन्या गाड्यांचं पेट्रोल हा खरोखरच डोकेदुखीचा विषय झालाय. जुना रबरी पाइप आतून फुगतो, पंपाचा पडदा कडक होतो, टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. त्यामुळे माझं बोट पेट्रोलकडे गेलं यात गैर काही नव्हतं. डिसेंबरात पाइप बदलले. जानेवारीत पंपाचं किट टाकलं. तरी बंद पडते म्हटल्यावर कार्बोरेटर उघडून जेट फुंकले, फ्लोटची लेव्हल पाहिली. फेब्रुवारीत, करंटवरही विश्वास नको म्हणून, ठिणगी तयार करणारी कॉइल नवी बसवली. मधे एकदा घाटात स्वतः जाऊन प्लग काढून ठिणगी पाहिली होती. ठिणगी येत होती. म्हणजे करंट ठीक, दोष पेट्रोलचा. कॉइल टाकली ती निव्वळ मनाच्या समाधानासाठी.

करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट मात्र त्या वेळी निळसर काळे पडलेले दिसले होते. मी पॉलिश पेपर मारला, गेज लावून फट जमवली आणि विसरून गेलो. नवा पॉइंट तीन महिन्यांत इतका जळतो कसा, हे तिथेच विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मार्चमध्ये मॅडम गॅरेजात आल्या त्या वही घेऊन. शंभर पानी, कॉलेजच्या प्रॅक्टिकलची वही असते तशी, रेघा मारून रकाने पाडलेले. तारीख, निघाल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, जागा, हवा कशी, टाकीत पेट्रोल किती, काय उपाय केला, किती मिनिटांनी चालू झाली. मी आधी हसलो. मग वाचत गेलो तसे कान गरम व्हायला लागले.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी घाटात बंद पडत नव्हती. ती अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या आसपास बंद पडत होती, आणि सकाळी हडपसरहून निघालं की अठ्ठाविसाव्या मिनिटाला घाट येतो. संध्याकाळी परत येताना तीच वेळ फुरसुंगीजवळ सपाटीवर यायची. त्याला मी "ट्रॅफिकमध्ये तापते" असं उत्तर देऊन टाकलं होतं. एका रविवारी त्या चिंचवडला गेल्या होत्या, वाटेत ना चढ ना उतार. एकतिसावं मिनिट. जानेवारीतल्या एका सकाळची नोंद होती, "थंडी, ११-१२ अंश, स्वेटर." मिनिट एकोणतीस. बारा अंशाला पेट्रोलची वाफ होते असं मी कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटचा रकाना सगळ्यात वाईट होता. फडका टाकून पंधरा मिनिटं थांबलं की चालू. एकदा त्यांनी मुद्दाम फडका टाकलाच नाही, नुसत्या थांबल्या. पंधरा मिनिटांत चालू. आणि एकदा फडका टाकून लगेच सेल्फ मारला, तर पंप गार पडला होता तरी गाडी ढिम्म.

"म्हणजे गुण फडक्याचा नाही, थांबण्याचा," मॅडम म्हणाल्या. "पंधरा मिनिटांत गार होतं असं अजून काय आहे आत?"

"कॉइल," मी म्हटलं. "ती बदलली."

"अजून?"

मी उत्तर दिलं नाही. वहीचं पहिलं पान उलटून तारीख पाहिली. पहिली नोंद दिवाळीच्या सर्व्हिसिंगनंतर नऊ दिवसांनी. त्याआधी गाडीची एक तक्रार नव्हती. आणि तेव्हा टाकलेल्या सामानापैकी पॉइंट मी साफ केला होता, प्लग काढून पाहिले होते, रोटर पुसून पाहिला होता. हात लागला नव्हता तो एका कंडेन्सरला. नवा आहे म्हणून.

कंडेन्सर म्हणजे डेल्कोला, प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाला, एका स्क्रूने अडकवलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा पत्र्याचा डबा, त्यातून निघालेली एक वायर. पॉइंट उघडला की कॉइलमधला करंट तुटतो, आणि तो एकदम तुटतो तेव्हाच दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्टचा दणका तयार होऊन प्लगपर्यंत जातो. पण करंट सुखासुखी तुटत नाही, पॉइंटच्या फटीतूनही उडी मारायला बघतो. ती उडी कंडेन्सर गिळतो. त्याने गिळली नाही तर पॉइंटवर जाळ होतो, पॉइंट काळे पडतात आणि प्लगच्या वाट्याला उपाशी ठिणगी येते.

कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी निघायची बंद झाली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. तरी मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर सामान बरं मिळायचं, मागणी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सीही वयोमर्यादेने रस्त्यावरून गेली. आता नाना पेठेत हिंडलं तर पुडक्यात मिळतो तो माल कुणी कुठे बनवला हे दुकानदारालाही माहीत नसतं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर एखादा अस्सल तुकडा हाती लागतो. मॅडमच्या गाडीचा जुना कंडेन्सर मी दिवाळीत काढला तेव्हा त्याला काहीही झालेलं नव्हतं. वीसेक वर्षं झाली, आता बदलू, एवढंच त्यामागचं शास्त्र.

फेकून द्यायचं नाही ही आमच्या धंद्यातली खोड तेवढी कामी आली. पत्र्याच्या डब्यात, नट-वायसरच्या राड्यात तो सापडला.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. मॅडम चालवायला, मी शेजारी, मांडीवर वही. नव्या कंडेन्सरला हात लावायचा नाही, अशी अट त्यांनी घातलेली. वडकी मागे पडलं, घाट सुरू झाला, खाली मस्तानी तलाव दिसायला लागला. तिसावं मिनिट. मागून फट्ट असा आवाज, मग दोन ठसके, झटका, आणि गाडी डोंगराच्या कडेला जाऊन गप्प. वहीत ह्या फटाक्याची नोंदही पाच-सहा ठिकाणी होती. पेट्रोल संपत आलेली गाडी मरगळत जाते, फटाके फोडत नाही. हे मला दहावी नापास झालो त्या वर्षापासून माहीत आहे.

प्लग काढून इंजिनवर टेकवला, मॅडमना सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी आली, पण ह्या वेळी मी ती नीट पाहिली. पिवळी, बारीक, सुताच्या दोऱ्यासारखी, मधेच चुकणारी. आजवर मी ठिणगी आहे की नाही एवढंच बघत आलो होतो.

"बाहेर उघड्या हवेत एवढीशी ठिणगीसुद्धा उडते," मॅडम म्हणाल्या. "आत पिस्टनने दाबलेल्या हवेत उडी मारायला बराच जास्त व्होल्टेज लागतो. तिथे ही पोचत नसेल."

मी स्क्रू सोडवला, बोट भाजून घेतलं, जुना कंडेन्सर लावला. चार मिनिटं लागली असतील. इंजिन तापलेलंच, पंप तापलेला, फडका डिकीत कोरडा. पुन्हा प्लग टेकवला. चट् चट् असा आवाज, निळी ठिणगी, दिवसाउजेडी डोळ्यांत भरावी अशी. प्लग बसवला, सेल्फला अर्धा वळसाही लागला नाही.

माझ्या लेखी काम संपलं होतं. मॅडमनी वर घाटमाथ्यापर्यंत गाडी नेली आणि थांबवली.

"आता परत नवा लावा."

"कशाला मॅडम, चालली की!"

"थांबल्यामुळे चालली नसेल कशावरून? चार मिनिटं का होईना, थांबलोच होतो."

रस्त्याकडेला उभं राहून चांगल्या गाडीत मी माझ्या हाताने खराब माल परत बसवला. तीस वर्षांत कुणी असलं काम सांगितलं नव्हतं. बाजूला भुट्टेवाला बघत होता, त्याला काय वाटलं असेल देव जाणे. गाडी चालू झाली, सासवडच्या दिशेने पळाली. नवव्या मिनिटाला फट्ट. मॅडमचा चेहरा असा खुलला की जणू लॉटरी लागली. मग जुना कंडेन्सर परत लावला, सासवडला मिसळ खाल्ली, आणि न थांबता घरी आलो.

नवा कंडेन्सर त्या कॉलेजात घेऊन गेल्या. दोन दिवसांनी गॅरेजात येऊन त्यांनी कागद दाखवला. गार असताना मीटरवर ०.२२ मायक्रोफॅरड, म्हणजे अगदी हवा तसा. मुलांसमोर हेअर ड्रायरने तापवत गेल्या, तर ठरावीक ठिकाणी आकडा एकदम शून्याजवळ पडला. गार झाला की पुन्हा ०.२२. आतलं जोडकाम तापलं की सुटत होतं. दुकानात, गॅरेजात, टेबलावर कुठेही तपासला असता तर तो पासच झाला असता.

पंपाचं किट, कार्बोरेटरची मजुरी आणि कॉइल, एवढे पैसे मी त्यांना परत द्यायला काढले. पाइप खरंच फुगलेले होते, त्याचे ठेवले. त्यांनी कॉइलचे घेतले, बाकीचे राहू द्या म्हणाल्या, आणि माझ्या पावतीवर मागे "कारण: चुकीचं निदान" असं माझ्याकडूनच लिहून घेतलं.

त्या रात्री जेवताना अँबॅसिडरवाले डॉक्टर आठवले. त्यांचीही गाडी अर्ध्या तासाने बंद पडायची. त्यांनाही पंधरा मिनिटं लागायची. नंबर शोधून फोन लावला. त्यांनी ओळखलं, प्रकृती विचारली. गाडीचं विचारल्यावर म्हणाले, "अहो, ती दोन वर्षांपूर्वीच भंगारात दिली. सारखी घाटात बंद पडायची."