चौसष्ट भोकं

१६ फेब्रुवारी, रात्र

आज दादासाहेब फाळक्यांची पुण्यतिथी. १९४४ साली याच तारखेला, याच नाशकात ते गेले. आमच्या घरात ही तारीख कधी कॅलेंडरवर लिहावी लागली नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, होते तोवर रविवार कारंजाजवळच्या आमच्या फोटो स्टुडिओत देवांच्या तसबिरींच्या ओळीतच दादासाहेबांचा फोटो असायचा, आणि वर्षातून दोनदा त्याला ताजा हार पडायचा. एकदा आजच्या दिवशी, एकदा ३० एप्रिलला. ३० एप्रिल ही जन्मतारीख, साल १८७०, गाव त्र्यंबकेश्वर. मी बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं की दादासाहेब आमच्या नात्यातलेच कोणीतरी आहेत. अप्पा बोलायचेच तसे. "दादासाहेबांनी असं केलं असतं का?" हे वाक्य मी घाईघाईत धुतलेल्या प्रत्येक प्रिंटमागे ऐकलंय.

वर्गातल्या मुली सिनेमातल्या नटांचे फोटो वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवायच्या. नाटकवेड्या घरातल्या मुली तात्यासाहेब शिरवाडकरांचं नाव घेताना आपोआप हळू बोलायच्या, कारण ते आपल्याच गावात राहतात याचा केवढा अभिमान होता आम्हाला! माझा हिरो मात्र कोटातला, कॅमेऱ्याच्या हँडलवर हात ठेवून उभा असलेला एक मध्यमवयीन माणूस होता. अजूनही आहे. पण आज दुपारी त्या फोटोत मला एक रिकामी जागा दिसली, म्हणून हे लिहायला बसले.

भाचा सुट्टीला आलाय. माध्यमशास्त्र शिकतो. जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइलवर 'कालिया मर्दन' लावला. १९१९ चा, इथल्याच हिंदुस्थान फिल्म कंपनीचा. सुरुवातीलाच एका लहान मुलीचा चेहरा येतो. सात वर्षांची पोर. राग, हसू, भीती, सगळं एकामागून एक चेहऱ्यावरून सरकत जातं. हीच पुढे कृष्ण होते, कालियाच्या फण्यावर नाचते. ती दादासाहेबांची मुलगी, मंदाकिनी. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती आपल्याकडे बघते तेव्हा वाटतं, आत्ता खेळता खेळता हाक मारली म्हणून आली आणि पुन्हा अंगणात पळणार आहे. मी तो तुकडा चार वेळा बघितला. आई शेजारी लसूण सोलत होती. तिसऱ्या वेळेला म्हणाली, "पोरीला कुणी जेवायला घातलं असेल गं त्या गडबडीत?"

आईचा प्रश्न साधा होता, पण तो माझ्या डोक्यातून जाईना.

जेवायला कोण घालणार, सरस्वतीबाईच. दादासाहेबांच्या पत्नी. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या, हे मला माहीत होतं. दागिने त्यांनी काढून दिले, हेही माहीत होतं. भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभ्या राहायच्या, म्हणजे ऊन नटांच्या चेहऱ्यावर परतून पडावं, हे अप्पा रंगवून सांगायचे. आज त्याला रिफ्लेक्टर म्हणतात आणि तो धरणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत येतं. हे सगळं मी आयुष्यभर ऐकलं आणि दर वेळी 'किती साथ दिली' असं म्हणून पुढे गेले. साथ! गाणाऱ्याच्या मागे तंबोरा धरणाऱ्यासाठी वापरतो तो शब्द.

त्या काळात कच्ची फिल्म विलायतेहून यायची ती बिनभोकांची. सपाट पट्टी. तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडायचं काम, म्हणजे पर्फोरेशन, इथं घरी करावं लागे, तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. ते काम सरस्वतीबाई करायच्या. रसायनं कालवणं, फिल्म डेव्हलप करणं हेही त्या शिकल्या होत्या. भाच्याला मी विचारलं, किती भोकं असतील रे? तो म्हणाला, मावशी, एका चित्राला प्रत्येक कडेला चार. आणि एका फुटात सोळा चित्रं.

मी उठले आणि माळ्यावरून अप्पांची पेटी काढायला लावली. त्यात एनलार्जरची लेन्स, दोन चेंजिंग बॅगा, हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास अजून न सुटलेला एक ट्रे, आणि न कापलेला एक रोल निघाला. अप्पांच्या याशिका कॅमेऱ्याचा, कुणाच्यातरी मुंजीचा. आमच्या स्टिल कॅमेऱ्याची ती ३५ मिलिमीटरची फिल्म म्हणजे सिनेमाचीच फिल्म, भोकांसकट. टेबलावर रोल सरळ केला, शाळेतली लाकडी फूटपट्टी शेजारी ठेवली आणि एका कडेनं नखानं मोजत गेले. चौसष्ट. पुन्हा मोजले. चौसष्टच.

'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा होता. ३७०० गुणिले ६४, गुणिले दोन कडा. चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. आकडा कागदावर उतरवला तेव्हा आम्ही तिघंही गप्प झालो. आणि ही फक्त पडद्यावर गेलेल्या लांबीची भोकं. कापून टाकलेलं चित्रण वेगळं, प्रिंटच्या फिल्मला पुन्हा वेगळी. त्यासाठी यंत्र होतं, दादासाहेबांनी विलायतेहून कॅमेऱ्याबरोबर आणलेलं. पण यंत्राला फिल्म लावायची, सरकवायची, न अडकता बाहेर काढायची ती हातांनीच. भोक केसभर सरकलं तर पडद्यावर चित्र उडी मारतं. म्हणजे १९१३ च्या ३ मे रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांनी हरिश्चंद्राला स्थिर उभा असलेला बघितला, तो एका बाईच्या बोटांच्या स्थिरपणावर उभा होता. आणि ती फिल्म नायट्रेटची, ठिणगी लागली तर भडकणारी. त्याच घरात साठ माणसांची चूल.

आईनं लसणाचे हात पुसले आणि रोल माझ्याकडून घेतला. "अशी धरू नकोस. कड बोट कापते." तिनं उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. आतल्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ आहे, मी ती लहानपणापासून बघत आलेय, भाजी चिरताना लागलं असेल असं समजून. ती फिल्मची निघाली. अप्पा लग्नाच्या ऑर्डरला बाहेर असले की डेव्हलपिंगच्या टाकीत फिल्म भरायची ती आईच, काळोखात, पदराचं टोक कमरेला खोचून. निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंगही तीच करायची. नवरीच्या गालावरचे फोड, आजोबांच्या डोळ्यावर पडलेली चष्म्याची तिरीप, सगळं रात्री अकरानंतर, आम्ही निजल्यावर. लोक म्हणायचे, तुमच्या स्टुडिओतले चेहरे बोलतात. दुकानाच्या पाटीवर अप्पांचं नाव होतं. अप्पांनी ते मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही, आणि मी त्यांची मुलगी.

"डार्करूममध्ये भीती नाही वाटायची?" भाच्यानं विचारलं.

"कसली भीती? तेवढाच वेळ कुणी हाक मारायचं नाही."

हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले.

मग बराच वेळ आम्ही याच विषयावर. १९१३ मध्येच दादासाहेब नाशकात आले आणि 'मोहिनी भस्मासूर' केला, त्यात दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. भारतीय पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया, त्याही मायलेकी. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'मधली राणी तारामती करायला बाई मिळाली नव्हती आणि ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी लुगडं नेसलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते, म्हणून टिकली. दुर्गाबाईंनी मात्र काय ऐकून घेतलं असेल! विक्रम गोखल्यांना आपण इतकं डोक्यावर घेतलं, कमलाबाई त्यांच्या आजी, हे किती जणांना चटकन आठवतं?

मला दादासाहेबांबद्दलचं प्रेम तसूभरही कमी करायचं नाही. विम्याची पॉलिसी गहाण टाकून समुद्र ओलांडणारा, डोळे अधू होईतो सिनेमे बघणारा, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र करून पकडणारा तो माणूस होता. पडद्यावर आपले देव हलताना बघायचे, एवढ्या एका ध्यासापायी त्यांनी सगळं पणाला लावलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात गेले की आजही माझा हात नमस्काराला जातो. पण ती वाटाण्याची कुंडी घरात होती. तिला कुणाचा धक्का लागू नये, मुलांनी कोंब खुडू नये, यासाठी महिनाभर त्या घरात कोण जपून वावरलं असेल, हे मला आज पहिल्यांदा दिसलं. दिसल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

भाच्यानं सरस्वतीबाईंचा एक फोटो शोधून दिला. नऊवारी, डोक्यावरून पदर, नजर थेट समोर. कुठेही साथीदारासारख्या उभ्या नाहीत. आईनं चष्मा लावून निरखून बघितला आणि म्हणाली, "कपाळावर ओरखडा आहे निगेटिव्हचा. पेन्सिलीनं जाईल."

"आता कुठली निगेटिव्ह आई, हा मोबाइल आहे."

"मग छापून आण. प्रिंटवर ब्रशनं करते."

संध्याकाळी मेनरोडला जाऊन आठ बाय दहाचा प्रिंट काढून आणला, मॅट कागदावर, कारण चकचकीत कागदावर रंग धरत नाही म्हणे. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. हात थरथरतो. पण ब्रश शून्य नंबरचाच हवा म्हणून तिनं हट्ट धरला, जिभेवर टोक केलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पाऊण तास टेबल-लॅम्पखाली बसली. मी बाजूला भिंग धरून उभी होते. मधे एकदा म्हणाली, "जरा डावीकडे. माझीच सावली पडतेय." मी डावीकडे सरकले.

ओरखडा गेलाय. फोटो वाळायला ठेवलाय, अप्पांच्या दादासाहेबांशेजारी. दोन्हींना सारख्याच फ्रेमा करायला टाकणार आहे, जुन्या काचेला बुरशी धरलीय. गुरुवारी मिळतील.