पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या डार्क राइड: रिस्टबँड घेण्याआधी हे वाचा

कनोबल्स या पेनसिल्व्हेनियातल्या करमणूक पार्कला जाणार असाल तर दिवसभराच्या रिस्टबँडमध्ये, म्हणजे मनगटावर बांधायच्या पासमध्ये, तिथलं 'हाँटेड मॅन्शन' येत नाही; ही भुताटकीची डार्क राइड, म्हणजे अंधारातली राइड. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आम्हाला ज्याने माहिती दिली त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "बँड घ्या, सगळं त्यात आलं." त्याच्या भरवशावर तिघांचे बँड घेतले, थेट मॅन्शनच्या रांगेत जाऊन उभे राहिलो आणि दारातून परत फिरलो. पार्कच्या फलकावर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. ऐकीव माहितीवर विसंबून आम्ही तो वाचलाच नाही.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. फक्त डार्क राइडसाठी जात असाल तर बँड घेऊच नका. कनोबल्सला प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. सुटी तिकिटं घ्या, हवं तितक्या वेळा बसा आणि उरलेला वेळ झाडांखाली काढा. लाकडी रोलर कोस्टरही करायचे असतील तरच बँडचा हिशेब बसतो.

मी, बायको आणि मावसभाऊ ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालो. कनोबल्सचं गाव एलिसबर्ग पावणेतीन तासांवर आहे, रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डार्क राइड म्हणजे अंधाऱ्या इमारतीतून रुळावरच्या छोट्या गाडीत बसून फिरणं. आपल्या जत्रेतल्या भूतबंगल्यात चालत जावं लागतं, इथे गाडी नेते, आणि पुढे कुठे वळेल ते कळत नाही. या प्रकाराचं एक मूळ आमच्या न्यू जर्सीतच आहे. ब्रिजटन गावच्या लिऑन कॅसिडीला आपल्या पार्कमध्ये 'ओल्ड मिल' हवी होती, म्हणजे अंधाऱ्या बोगद्यातल्या पाण्यावरून होड्या जाणारी राइड. ती बांधण्याइतका पैसा नव्हता. मग त्याने जमिनीवर एकच रूळ टाकला आणि त्यावरून वेडीवाकडी वळणं घेणारी विजेवरची गाडी सोडली. बसून आलेला कुणीतरी म्हणाला की माझा पार प्रेट्झेल (पीळ घातलेला खारा पाव) झाला, आणि 1928 पासून कंपनीचं नावच 'प्रेट्झेल' पडलं.

कनोबल्सचं हाँटेड मॅन्शन 1973चं, पार्कने स्वतः बांधलेलं. एका गाडीत दोघं बसतात, दारं धाडकन उघडतात आणि खरा काळोख सुरू होतो. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. जे समोर येतं ते हाताने केलेलं असतं आणि हातभर अंतरावर असतं. शेवटी काय येतं ते मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही आधी शोधू नका. बायको पहिल्यांदा ओरडली, दुसऱ्यांदा तिथेच ओरडली. आम्ही चार वेळा बसलो. मोठ्या पार्कमधल्या कोट्यवधी डॉलरच्या राइडमध्येही माझं काळीज असं धडधडलं नव्हतं.

तिथली दुसरी राइड 'ब्लॅक डायमंड'. ही मूळची 1960ची, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या वाइल्डवुड गावातल्या हंट्स पिअर या धक्क्यावरची 'गोल्डन नगेट'. समुद्रकिनाऱ्यावर ती बंद पडली. कनोबल्सने विकत घेऊन, सुटी करून इथे आणली, नव्याने उभारली आणि 2011 मध्ये सुरू केली. सोन्याच्या खाणीची आता कोळशाची खाण झाली आहे. आत सेंट्रेलियाचा देखावा आहे. ते गाव इथून जवळच आहे, आणि 1962 पासून त्याच्या पोटातला कोळसा जळतो आहे. पार्कमधलं कोळसा खाणींचं छोटं संग्रहालय आधी बघा, मग राइडमध्ये बसा. या मुलखातली माणसं कशावर जगली ते कळलं की राइडला वजन येतं.

शाकाहारी लोकांसाठी बटाट्याचे पॅनकेक आहेत. पोट भरतं.

आता रस्त्याबद्दल. पुढचं पार्क ईरी शहरात आहे, पण रात्री आठला कनोबल्सहून निघून तिकडे जाऊ नका. आम्ही निघालो. नकाशावर साडेचार तास दिसतात, पण ते दिवसाचे. डॅनव्हिलला आय-80 हा महामार्ग लागतो. त्याच्या एक्झिटचे नंबर म्हणजेच मैल, पश्चिमेकडे जाताना ते उतरत जातात. 224 पासून 161 पर्यंत ठीक. 161 ते 97 हा पट्टा मात्र मी पुन्हा अंधारात करणार नाही. 111व्या मैलाजवळ पाटी आहे: मिसिसिपीच्या पूर्वेला आय-80 वरची सर्वात उंच जागा, 2,250 फूट. आम्हाला ती पाटी पाऊस आणि धुक्यात गाडीच्या नाकासमोर आल्यावर दिसली. दोन्ही बाजूंना ट्रक, त्यांच्या चाकांचं पाणी काचेवर, कडेला हरणांचे डोळे चमकतायत आणि फोनला रेंज नाही. मावसभाऊ म्हणाला, "दादा, आता पुढे नको. पहिलं जे दिसेल तिथे थांब."

थांबलो. रेंज आल्यावर फोनवर 92 डॉलर सांगितलेल्या खोलीचे काउंटरवर 148 मागितले. रात्रीचे बारा वाजलेले, बाहेर पाऊस; दिले. त्या मोटेलवर माझा राग अजून आहे. तुम्ही कनोबल्सजवळच्या ब्लूम्सबर्ग किंवा डॅनव्हिललाच खोली आधी ठरवा, भाव लेखी घ्या आणि सकाळी निघा.

ईरीचं वॉल्डामीअर हे पार्क छोटं आहे, प्रवेश फुकट. इथे जायचं ते बिल ट्रेसीसाठी. साठच्या दशकात त्याने अमेरिकेतल्या कितीतरी पार्कांसाठी भडक, वाकडे, चमकत्या रंगांचे देखावे केले. वाइल्डवुडच्या गोल्डन नगेटमध्येही त्याचं काम होतं. 1974 मध्ये तो गेला, आणि त्याच्या बहुतेक राइड पाडल्या गेल्या किंवा जळाल्या. इथे त्याची 1970ची दुमजली 'व्हॅकी शॅक' आणि 1972चं, चालत फिरायचं 'पायरेट्स कोव्ह', दोन्ही शेजारीशेजारी चालू आहेत. व्हॅकी शॅक मॅन्शनइतकी घाबरवत नाही, पण अशी दुसरी सहजी सापडणार नाही. दोन तास पुरतात.

ईरी ते पिट्सबर्ग दोन तास, सरळ रस्ता.

पिट्सबर्गच्या केनीवूड पार्कला मात्र दारातच पूर्ण तिकीट आहे. तरी जा, कारण कॅसिडीला जी परवडली नव्हती तशी ओल्ड मिल इथे 1901 पासून पाण्यावर चालू आहे. मधल्या काळात तिची नावं आणि देखावे अनेकदा बदलले. 2004 पासून तिथे कार्टूनमधलं गारफील्ड मांजर बसलं होतं, 2020 मध्ये जुनं नाव परत आलं. होडी इतकी सावकाश जाते की डोळे अंधाराला सरावतात. दोन दिवसांच्या गाडीनंतर तो गारवा आणि लाकडावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज यांनी माझे खांदे पहिल्यांदा सैल झाले. घाबरायचं असेल तर ही राइड तुमच्यासाठी नाही. 1936ची 'नोआज आर्क' जवळच आहे. तिच्यात देवमाशाच्या जबड्यातून शिरायचं आणि डुलत्या जहाजातून चालायचं. गुडघे दुखत असतील तर सोडा.

परतताना टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, रोख टोल घेत नाहीत, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. ई-झीपास (टोल आपोआप कापणारा पास) नसेल तर जवळपास दुप्पट पैसे लागतात. भाड्याची गाडी असेल तर आपला पास न्या आणि त्या गाडीचा नंबर निघायच्या आधी खात्यात टाका. आम्ही तो ओल्ड मिलच्या रांगेत उभं राहून टाकला.