कोठडीतल्या माणसासाठी देणगी मागताना

२०१९ च्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या आमच्या आळीतल्या एका मुलाला पोलिसांनी चौकशीला नेलं. मुलगा म्हणायचं, पण वय चोवीस. बुद्धीने सात-आठ वर्षांचा. एका दुकानातून मोबाइल गेला होता आणि हा त्या दुकानाच्या पायरीवर रोज बसायचा, एवढंच कारण. त्याची आई धुणीभांडी करते. ती रात्री नऊला माझ्या दारात आली, "काकू, तुम्ही चला, मला तिथं बोलता येत नाही."

ठाण्यात तो बाकावर बसला होता. शर्ट ओला, आणि चिखलाच्या चपला मांडीवर घेतलेल्या. फरशी घाण करायची नाही, असं आईने शिकवलेलं. कुणी काहीही विचारलं की म्हणायचा, "हो साहेब." मोबाइल घेतलास? हो साहेब. कुणाला विकलास? हो साहेब. मी त्याच्या शेजारी बसले आणि ठाणे अंमलदारांना ऐकू जाईल असं विचारलं, "काल तू मुंबईला गेला होतास ना रे?" तो म्हणाला, "हो काकू." कराडच्या पुढे तो कधी गेलेला नाही. ठाणे अंमलदारांनी पेन खाली ठेवलं, आईला आत बोलावलं आणि तासाभरात आम्ही घरी आलो. ते गृहस्थ समजूतदार होते, नाहीतर त्या "हो साहेब"चा जबाब झाला असता.

शेजारच्या सांगलीत २०१७ साली पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्या आठवणीने.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. कायद्याशी संबंध कर्जवसुलीपुरता. पण पुढच्या दीड-दोन वर्षांत आम्ही सातजण जमलो. एक वकीलबाई, दोन निवृत्त शिक्षक, मानसोपचार विभागात काम केलेली एक समाजसेविका, मूकबधिर शाळेतल्या एक बाई, पालावर, म्हणजे भटक्यांच्या तंबूवस्तीत, शिकवणारा एक तरुण आणि मी. काम ठरलं ते असं: अटकेत किंवा चौकशीत असलेला माणूस स्वतःचं बोलू शकत नसेल, तर पहिल्या काही तासांत त्याच्यासाठी कुणीतरी तिथे जायचं.

कायदा नाही असं अजिबात नाही. राज्यघटनेचं कलम २२ आहे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा मेमो, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं घालून दिलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. भटकत असलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेतलं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे त्यालाही नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी १५१०० हा नंबर आहे. पण तो नंबर फिरवायचा कुणी? ज्याला बोलता येत नाही, त्याने? अटक होण्यापासून वकील पोहोचेपर्यंत जी मधली रात्र असते, तिथे कुणी नसतं. आमची संस्था त्या रात्रीपुरती.

नोंदणीला मला वाटलं त्यापेक्षा कमी त्रास झाला. सोसायटी कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली नोंदवायचं, सात सभासद, घटना, ठराव. वाद झाला तो उद्देशांवर. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "पोलीस अत्याचाराविरुद्ध लढा." वकीलबाईंनी ते खोडलं. त्या म्हणाल्या, "आपल्याला ठाण्यात आत शिरायचंय, दारात उभं राहून घोषणा द्यायच्या नाहीत." पालावरचा तरुण चिडला. त्याच्या आजोबांपासूनची गोष्ट आहे ती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची सुटका कागदावर १९५२ ला झाली. दोन बैठका गेल्या. शेवटी लिहिलं: "अटकेत किंवा चौकशीत असलेल्या दिव्यांग, मनोरुग्ण, स्त्रिया, बालके व भटक्या-विमुक्त समाजातील व्यक्तींना कायदेशीर, वैद्यकीय व मानवी आधार देणे." मला आजही दोघांचंही बरोबर वाटतं. पण पुढे पैसे मागायला गेले तेव्हा या वाक्याने फार साथ दिली.

जानेवारी २०२२ पासून काम सुरू. खर्च तसा छोटा. रात्रीची रिक्षा, पेट्रोल, झेरॉक्स, फिटच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, चादर, खुणांची भाषा जाणणाऱ्या दुभाष्याचं मानधन, माण तालुक्यातून आलेल्या आईचं एसटीचं भाडं आणि जेवण. मी ओळखीच्या चाळीस घरांतून दरमहा दोनशे रुपये लावून घेतले. पोवई नाक्यापासून गोडोलीपर्यंत पावती पुस्तक घेऊन मी पायी फिरले आहे. देणगी मागताना एक प्रश्न हमखास यायचा, "चोरांना कशाला मदत करायची?" मी त्या मुलाच्या चपलांची गोष्ट सांगायचे. बरेच जण गप्प होऊन पाकीट काढायचे. काहींनी दार लावून घेतलं. एक गृहस्थ मात्र स्वतःहून पन्नास हजार घेऊन आले. नंतर कळलं, त्यांच्या भाच्यावर त्याच ठाण्यात गुन्हा दाखल होता आणि आमच्या ओळखीचा त्यांना उपयोग हवा होता. पैसे परत केले. खात्यात तेव्हा अकरा हजार होते. त्याच आठवड्यात ठराव करून घेतला की ज्यांचं किंवा ज्यांच्या घरच्यांचं प्रकरण चालू आहे त्यांची देणगी नाही, आणि पुढाऱ्यांचीही नाही.

आता जी चूक सविस्तर सांगायची आहे ती माझी आहे, कारण खजिनदार मी. नव्या संस्थेला आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी आधी तात्पुरती मिळते, तीन वर्षांची. मी समजून चालले की नियमित नोंदणीच्या अर्जाला तीन वर्षं आहेत. तसं नसतं. तात्पुरती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल ते. आमचं काम जानेवारी २०२२ ला सुरू झालेलं, म्हणजे त्याच जुलैच्या आसपास नियमित नोंदणीचा फॉर्म १०एबी जायला हवा होता. मी तो भरला सप्टेंबर २०२३ मध्ये. १२ए मंजूर झालं, कारण त्याची मुदत सरकारने तोवर वाढवली होती. ८०जी मुदतीबाहेर म्हणून फेटाळलं.

तो ईमेल वाचला तेव्हा मी देवळात चाललेली होते, तशीच परत फिरले. आयुष्यभर लोकांच्या तारखा सांभाळल्या आणि इथे, जिथे एका चुकीने कोठडीतल्या माणसाची चादर जाणार होती, तिथे मी तारीख चुकवली. देणगीदारांना सवलत नाही, ८०जी नाही म्हणून सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी, म्हणजे सीएसआर, घेण्यासाठीची नोंदणी) नाही, सीएसआर-१ नाही म्हणून कंपन्यांची दारं बंद. बैठकीत मी राजीनामा पुढे केला. शिक्षकांपैकी एकांनी तो प्रोसिडिंग बुकात लिहूच दिला नाही.

अशा चुका करणाऱ्या संस्था देशभर बऱ्याच असाव्यात. २५ एप्रिल २०२४ ला प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक निघालं. मुदत ३० जून २०२४ पर्यंत वाढवली, आणि केवळ उशिरामुळे फेटाळलेल्यांना नव्याने अर्ज करायची परवानगी दिली. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात भरला. सोबत तीन वर्षांचं ऑडिट, कामाची टिपणं, प्रत्येक खर्चाचं बिल. नोटिशीत विचारलं, लाभार्थ्यांची यादी द्या. यादी? ज्यांच्यावर कधी आरोपपत्रही दाखल झालं नाही, त्यांची नावं "अटक" या शब्दाखाली कागदावर आणायची? आम्ही नोंदवहीची पानं दिली, नावांवर पट्टी लावून, आणि कारण लिहून दिलं. मान्य झालं. वर्ष संपता संपता ८०जी हातात आलं.

तुमची संस्था नवी असेल तर एवढं करा: काम सुरू झाल्याची तारीख ठरावात लिहून ठेवा आणि तिथून सहा महिने मोजा. देणग्यांचं वार्षिक विवरण (आम्ही भरलं ते फॉर्म १०बीडीत) ३१ मेच्या आत भरा, नाहीतर दिवसाला दोनशे रुपये लागतात. आमच्याकडे तो एका देणगीदाराचा महिना असतो.

२०२४ च्याच जुलैमध्ये नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि कार्यकर्त्यांच्या खिशातली कलमं छापलेली कार्डं रद्दी झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत चोवीस तासांचं कलम ५७ होतं ते ५८ झालं, नातेवाइकाला कळवण्याचं ५०ए होतं ते ४८. ठाण्यात जुनं कलम बोललं की समोरचा ऐकत नाही. कार्डं परत छापली, लॅमिनेशनसकट, चाळीस घरांच्या पैशातून.

मग सीएसआर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात, पण सातव्या परिशिष्टातल्या विषयांवर. त्यात शाळा आहे, पाणी आहे, झाडं आहेत. कोठडी नाही. संस्थेला तीन वर्षांचा अनुभवही लागतो, तो आमचा जानेवारी २०२५ ला पुरा झाला. एमआयडीसीतल्या पहिल्या कंपनीने नम्रपणे नाही म्हटलं. दुसरीकडे जाताना आम्ही अर्ज तिसऱ्या कलमात बसवला: सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करण्याचे उपाय. आमच्या घटनेतलं ते वाक्य जसंच्या तसं तिथे बसलं.

तिथल्या तरुण अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, "मॅडम, असं काम जगात कुठे होतं का?" वकीलबाई तयारीने आल्या होत्या. लंडनमध्ये १९७२ साली एका खुनात तीन मुलांनी कबुलीजबाब दिले, त्यातल्या एकाची समज लहान मुलाएवढी होती. १९७५ मध्ये त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या, चौकशी झाली, आणि १९८४ च्या पोलीस कायद्यापासून तिथे अल्पवयीन किंवा दुबळ्या माणसाच्या जबाबाला एक त्रयस्थ प्रौढ व्यक्ती सोबत बसते. मुलांसाठी ती पुरवणं तिथल्या स्थानिक यंत्रणेवर बंधनकारक आहे. मोठ्यांसाठी तसं बंधन कुणावरच नाही, म्हणून तिथेही पैशाची ओढाताण आहे. मी बाजूला बसून ऐकत होते. मला ओल्या शर्टातला, चपला मांडीवर घेतलेला आमचा मुलगा दिसत होता.

दुसरा प्रश्न फोटोचा. "आमच्या रिपोर्टमध्ये लाभार्थ्यांचे फोटो लागतात." मी सांगितलं, फोटो मिळणार नाही. जिला रात्री ठाण्यात बसवलं त्या बाईचा फोटो तुमच्या चकचकीत कागदावर छापला, तर तिला गावात परत जाता येणार नाही. अन् काम चांगलं झालं तर घडलेलं काहीच नसतं. मारहाण झाली नाही, खोटा जबाब झाला नाही, फिटची गोळी चुकली नाही. याचा फोटो कसा काढणार? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग तुम्ही काय दाखवू शकता, ते पाठवा."

आम्ही पिशवीचा फोटो पाठवला. प्रत्येक कार्यकर्त्याकडे एक खाकी कापडी पिशवी असते. तिच्यातलं सगळं मूकबधिर शाळेतल्या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर मांडलं: चादर, पॅडचं पाकीट, पाण्याची बाटली, पारले-जीचे दोन पुडे, नव्या कलमांचं कार्ड, १५१०० लिहिलेला कागद, चित्रांची वही (ज्याला बोलता येत नाही तो बोट ठेवून दुखतंय कुठे ते सांगतो), कोरा अर्ज, पेन, आणि एक जोडी रबरी चपला. चपला मी घातल्या. खूप जणांना अनवाणीच आणलेलं असतं.

पहिला हप्ता २०२५ च्या जूनमध्ये आला. त्यातून दुभाष्याचं वर्षभराचं मानधन बाजूला काढलं आणि सहा पिशव्या वाढवल्या, फलटण आणि दहिवडीसाठी. चाळीस घरांचे दोनशे रुपये चालूच आहेत. कंपनीचा पैसा एखाद्या वर्षी थांबला तर रात्रीची रिक्षा त्यांच्यावरच चालणार आहे. या महिन्यात तीन घरं वाढली. त्यातलं एक त्या मुलाच्या आईचं. ती वीस रुपये देते, आणि पावती फाडून घेतल्याशिवाय दारातून हलत नाही.