तुम्हाला एक, आमच्या ह्यांना चार

"रक्त पातळ ठेवायची गोळी तीच, मग तुम्हाला एक मिलिग्रॅम आणि आमच्या ह्यांना चार कशी? तुमचं दुखणं साधं असणार." ओपीडीच्या बाकावर, लग्नात, जिन्यात, अकरा वर्षं हेच ऐकते आहे. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

दुखणं साधं नाही. हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप दोघांनाही आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, आकडा जास्त तर रक्त जास्त पातळ) दोघांचाही अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा आहे. ही गोळी म्हणजे असिनोकुमारॉल, ते यकृतातल्या सीवायपी२सी९ या एन्झाइममुळे मोडतं. काहींचं ते जन्मतःच मंद असतं, मग थोडं औषधही अंगात जास्त वेळ टिकतं. शिवाय ही गोळी व्हिटॅमिन के पुन्हा वापरात आणणाऱ्या ज्या व्हीकेओआरसी१ या एन्झाइमला अडवते, ते काहींचं लगेच दबतं. माझं यातलं कोणतं, ते कुणी तपासलेलं नाही. रक्त तपासत तपासतच माझा एक मिलिग्रॅम ठरला.

तेव्हा हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, पथ्य पाळलं की झालं. मेथी, पालक घरात येऊ दिली नाही, त्याचा अभिमान होता.

एका जूनमध्ये जुलाब लागले. केमिस्टने मेट्रोनिडाझोल दिलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी चूळ भरली तर बेसिन लाल. हिरडी असेल म्हणून लवंग धरली. दुपारी पोळ्या लाटताना नाकातून धार लागली, पिठात पडली. नववीतली मुलगी धावत जाऊन रिक्षा घेऊन आली. आयएनआर ८.४. मी पुन्हा पुन्हा सांगत होते, पालेभाजीला हातसुद्धा लावला नाही हो. डॉक्टर म्हणाल्या, "तेच चुकलं." भाजीतलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. ते मी आधीच तोडलेलं, त्यात चार दिवस नुसती पेज, आणि वरून मेट्रोनिडाझोलने गोळी मोडणारं एन्झाइम अडवलेलं. उतारा म्हणून व्हिटॅमिन केच द्यायचं, पण बेताने, जास्त झालं तर झडपेवर गुठळी. दोन रात्री मुलगी खुर्चीत बसून होती.

केमिस्टने विचारायला हवं होतं, हे मी अजूनही म्हणते. सांगायला मलाही तोंड होतं. कुणाची चूक किती, ते ठरत नाही.

आता आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, वाटीभर मेथी खाते. तरी गेल्या महिन्यात आयएनआर १.९ आला. नवं काही खाल्लं नव्हतं, गोळी चुकली नव्हती. सोमवारी पुन्हा रक्त द्यायचं आहे.